मुखदर्शन

दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या काठी आव्हिन्यों नावाचे तटबंदीचे शहर आहे. चौदाव्या शतकात पोपांचा मुक्काम रोम सोडून तेथे पडला असता बारावे बेनेडिक्ट आणि सहावे क्लेमेंट या दोन पोपांनी वीस वर्षांच्या आत तेथील खडकावर जो प्रचंड पाषाणमय प्रासाद उभारला, त्याच्या मुख्य प्रांगणात दर वर्षी जुलै महिन्यात, मावळतीचा उजेड भिंतींच्या माथ्यावरून ओसरला की, सुमारे 2000 माणसे नाटक पाहण्यासाठी येऊन बसतात. दिवसभर तापलेले दगड रात्री उशिरापर्यंत ऊब सोडीत असतात; पण ज्या रात्री मिस्त्राल नावाचा उत्तरेचा झोंबरा वारा सुटतो, त्या रात्री हीच माणसे अंगाभोवती शाली आणि कांबळी लपेटून बसतात, आणि नटांचे शब्द एका भिंतीवरून दुसरीवर आदळत वाऱ्याबरोबर निघून जातात. प्रांगणाच्या एका अंगाला, वरच्या मजल्यावरील महाप्रार्थनामंदिराच्या दारासमोर, एक भव्य कोरीव खिडकी आहे. तिला क्षमादानाची खिडकी म्हणतात, कारण तिच्यात उभे राहून पोप खाली दाटलेल्या भाविकांना आशीर्वाद देत आणि त्यांच्या पापांच्या प्रायश्चित्तात सूट जाहीर करीत. म्हणजे ज्या फरसबंदीवर आज प्रेक्षक बसतात त्याच फरसबंदीवर एके काळी यात्रेकरू मान वर करून उभे असत. दोन्ही समुदाय काही तरी पाहावयास आलेले. एक धर्मसत्तेचे मुख पाहावयास आला होता, दुसरा नटाचे मुख पाहावयास येतो. या दोन पाहण्यांत काही सख्य आहे की केवळ जागा तीच आहे, म्हणून आपण उगाच नाते जोडतो, हा प्रश्न मला दीर्घकाळ बेचैन करीत आला आहे.

तो प्रश्न मी त्या वास्तूवर बाहेरून लादतो आहे असे कोणी समजू नये. पाहणे म्हणजे काय, कोणाला काय दिसते आणि केव्हा दिसते, याच वादाच्या धुमाळीत त्या प्रासादाचा पाया घातला गेला. 1331 साली सर्व संतांच्या सणाच्या दिवशी बाविसावे जॉन हे पोप, वयाने तेव्हा ऐंशी उलटलेले, आव्हिन्यों येथे प्रवचनास उभे राहिले आणि त्यांनी असे प्रतिपादन केले की पुण्यवंतांचे आत्मे मृत्यूनंतर ख्रिस्ताच्या मानवी रूपाच्या छायेत विसावतात खरे, परंतु प्रत्यक्ष ईश्वराचे मुख त्यांना अंतिम न्यायदिनापर्यंत दिसत नाही. या एका प्रवचनाने ख्रिस्ती जग हादरले. पॅरिसच्या धर्मपंडितांनी विरोध नोंदविला, फ्रान्सच्या राजाने नाराजी कळविली, आणि स्वतः पोपांनी आपले मत हे केवळ आपले वैयक्तिक मत असल्याचे वारंवार सांगूनही वाद शमला नाही. हा वाद शब्दच्छलाचा नव्हता. संतांना जर अजून देव दिसलेला नाही, तर संतांच्या समाधीपुढे गुडघे टेकणाऱ्या, त्यांच्यामार्फत देवाकडे गाऱ्हाणे नेणाऱ्या लक्षावधी सामान्य माणसांनी कोणाकडे पाहावयाचे? ज्या आईचे मूल गेले तिने ते मूल आता कोठे आहे असे समजावयाचे? 1334 च्या डिसेंबरात मृत्युशय्येवर असता वृद्ध जॉन यांनी कार्डिनलांच्या समक्ष आपले मत मागे घेतले. त्यांचे उत्तराधिकारी बारावे बेनेडिक्ट यांनी 1336 च्या जानेवारीत फर्मान काढून हा वाद कायमचा मिटविला: शुद्ध झालेले आत्मे मृत्यूनंतर लगेच, न्यायदिनाची वाट न पाहता, मध्ये कोणत्याही सृष्ट वस्तूचा पडदा नसता, ईश्वराचे तत्त्व समोरासमोर पाहतात.

पंढरीची वाट ज्याने तुडविली आहे त्याला या वादाची धग सहज जाणवेल. तेथे पदस्पर्शाची रांग निराळी आणि मुखदर्शनाची निराळी; एका रांगेत कित्येक तास उभे राहून चरणांवर डोके टेकणारा असतो, दुसऱ्या रांगेतून लांबूनच मुख पाहून निघणारा असतो, आणि दोन्ही रांगा न लाभल्यामुळे कळसाला हात जोडून गावी परतणाराही असतो, ज्याची वारी कोणी अपुरी मानीत नाही. दर्शनाच्या पायऱ्या आपण आचारात सामावून घेतल्या. आव्हिन्योंच्या दरबाराला त्यांचा निवाडा करावा लागला. तो निवाडा चुकीचा होता असे मला म्हणावयाचे नाही. उलट मला तो करुणेचा वाटतो. मरणाऱ्या माणसाला पंडितांचा विकल्प उपयोगी पडत नाही. त्याला उत्तर हवे असते, आणि उत्तर देण्याची जबाबदारी ज्या संस्थेने शिरावर घेतली तिने ते द्यावयास हवे.

बेनेडिक्ट हे सिस्टर्शियन पंथाचे विरक्त साधू. पोपपदी येण्यापूर्वी पामिए येथील बिशप असताना त्यांनी पाखंड्यांची जी चौकशी चालविली तिचे दफ्तर आजही उपलब्ध असून, त्यातून डोंगराळ खेड्यांतील मेंढपाळांचे, बायकांचे, साध्या शेतकऱ्यांचे संशय आणि श्रद्धा तपशीलवार वाचावयास मिळतात. असा हा मनुष्य. त्याने जुना बिशपवाडा पाडून त्या जागी 1335 साली बांधकामास हात घातला आणि किल्ल्यासारखा, अलंकारहीन, जाड भिंतींचा वाडा उठविला. त्यांच्या मागून आलेले सहावे क्लेमेंट निराळ्या मनोधर्माचे. त्यांनी नेपल्सच्या राणी जोआना हिच्याकडून 1348 साली आव्हिन्यों शहरच 80,000 फ्लोरिनांना विकत घेतले, नवा प्रासाद जोडला, इटलीहून मात्तेओ जोव्हानेत्ती या चित्रकाराला बोलावून प्रार्थनामंदिरांच्या भिंती रंगविल्या. त्यांच्या खासगी अभ्यासिकेत, जिला आज हरिणाची खोली म्हणतात, चारही भिंतींवर गर्द हिरवे अरण्य आहे. एका बाजूस तळ्याकाठी माणसे जाळी टाकून मासे धरीत आहेत, एकीकडे कोणी झाडावर चढून फळे उतरवीत आहे, बहिरी ससाणा हातावर घेऊन शिकारी उभा आहे, हरिणामागे कुत्री लागली आहेत. त्या भिंतींवर ख्रिस्त नाही, मेरी नाही, एकही संत नाही. ईश्वराचे मुख पुण्यवंतांना तत्काळ दिसते असे ज्या वाड्याच्या संस्थापकाने जाहीर केले, त्याच वाड्यात त्याच्या वारसाने आपल्या एकांताच्या खोलीत पाने, पाणी आणि पशुपक्षी यांचीच संगत पसंत केली.

यात दांभिकपणा शोधणारे पुष्कळ झाले. त्याच काळात त्या शहरात वावरलेला कवी पेत्रार्क तर आव्हिन्योंला बाबिलोनच म्हणे. मला मात्र वाटते की दिवसभर निवाडे देणाऱ्या माणसाला रात्री अशी एक भिंत लागते, जिच्यावर कोणताही निवाडा लिहिलेला नाही. आणि निवाडे तर थोडेथोडके नव्हते. क्लेमेंट यांच्या आधी, त्याच जागी, बाविसाव्या जॉन यांच्या अमदानीत 1323 साली असा निर्णय झाला होता की ख्रिस्ताच्या व त्याच्या शिष्यांच्या नावे काहीही मिळकत नव्हती असे आग्रहाने म्हणणे हे पाखंड होय. आणि 1329 साली एकहार्ट या थोर जर्मन गूढवाद्याची, तो वारल्यानंतर, 28 वचने दोषी किंवा संशयास्पद ठरविली गेली. अद्वैताच्या उंबरठ्यावर उभा राहून जो बोलला त्याच्या वाक्यांची अशी मोजदाद झालेली पाहून आपल्याकडील वाचकाला आळंदीच्या त्या चार भावंडांची आणि पैठणच्या शुद्धिपत्राची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. परंतु त्याच सत्तेने दिलेला एक निवाडा विसरता कामा नये. 1348 साली प्लेगने माणसे पटापट मरू लागली आणि ज्यूंनी विहिरींत विष कालविले अशी आवई युरोपभर उठून त्यांच्या कत्तली सुरू झाल्या, तेव्हा क्लेमेंट यांनी फर्माने काढून त्यांना बिनदिक्कत अभय दिले आणि ज्यू देखील याच रोगाने मरत आहेत हे साधे सत्य जगापुढे मांडले. त्या वेळी उत्तर न देता प्रश्न जिवंत ठेवण्याचा मार्ग कोणी पत्करला असता तर तो अपराध ठरला असता.

पुढील शतकांची कथा लवकर सांगून होण्याजोगी आहे. 1377 साली पोप रोमला परतले. मग दोन पोपांच्या दुहीचा काळ आला. मग रोमहून नेमलेल्या मुतालिकांचा अंमल फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत चालला. 1791 च्या ऑक्टोबरात त्याच वाड्यात सुमारे 60 बंदिवानांची हत्या होऊन त्यांची प्रेते एका मनोऱ्याच्या तळाशी टाकण्यात आली. एकोणिसाव्या शतकात तेथे फौजेची छावणी होती. उंच दालनांत आडवे तक्तपोशी मजले घालून शिपायांची निजण्याची सोय केली गेली, आणि शिपायांनी जोव्हानेत्तीच्या भित्तिचित्रांतील संतांची मस्तके गिलाव्यासकट कापून बाजारात विकली. 1906 साली छावणी उठली. धर्मसत्ता गेली, राजसत्ता गेली, फौज गेली. उरल्या भिंती आणि कोरड्या खिडक्या.

1947 साली, महायुद्धाच्या जखमा ताज्या असताना, रने शार हा कवी आणि क्रिस्तियां झेरव्होस हा कलासमीक्षक यांनी वाड्यातील महाप्रार्थनामंदिरात आधुनिक चित्रांचे प्रदर्शन भरविण्याचे योजिले आणि त्याच्या जोडीस एक नाट्यप्रयोग व्हावा म्हणून पॅरिसमधील जाँ व्हिलार या दिग्दर्शकाला पाचारण केले. व्हिलार हे दक्षिणेतील सेत या बंदरगावच्या एका छोट्या दुकानदाराचे चिरंजीव. त्यांनी नुकतेच एलियटचे कँटरबरीच्या शहीद धर्मगुरूवरील नाटक गाजविलेले, आणि पोपांच्या अंगणात तेच करावे अशी मागणी झाली. ती मागणी किती सोयीची होती! पण त्यांनी प्रथम नकार दिला. प्रांगण फार मोठे, आकार बेढब, वाऱ्याचा भरवसा नाही. नंतर त्यांनी एकाऐवजी तीन नाटके घेऊन येण्याचे कबूल केले. सप्टेंबरात प्रयोग झाले. शेक्सपिअरचे ‘दुसरा रिचर्ड’ प्रांगणात झाले, आणि सैन्याच्या अभियंता पथकाने फळ्या टाकून रंगमंच रचून दिला. क्लोदेलचे तोबी आणि सारा यांच्यावरील बायबलकथेचे नाटक वाड्यामागील फळबागेत झाले. तिसरे, मोरिस क्लाव्हेल या तरुण लेखकाचे नवे नाटक, गावातील नाट्यगृहात. पुढील वर्षापासून महोत्सव जुलैत भरू लागला आणि आजतागायत, एखाददुसऱ्या वर्षाचा अपवाद सोडल्यास, भरतो. प्रयोगापूर्वी मोरिस जार यांनी रचलेला तुताऱ्यांचा घोष होतो आणि तेवढ्याने गलबला थांबतो. आपल्याकडे तिसरी घंटा झाल्यावर पडद्याआडून रंगदेवतेला आणि रसिकांना अभिवादन करणारा आवाज आला की नाट्यगृह जसे सावरून बसते, तसेच ते होते. फरक इतकाच की आपण देवतेचे नाव घेतो आणि तेथे कोणाचेही नाव घेतले जात नाही.

व्हिलार यांनी त्या प्रांगणासाठी पहिले नाटक निवडले ते देवाच्या नावाने अभिषिक्त झालेल्या आणि तरीही पदच्युत होणाऱ्या राजाचे, ही निवड मला अत्यंत सूचक वाटते. तैलाभिषेक धुऊन निघतो काय, अधिकार गेल्यावर माणसात काय उरते, हे प्रश्न चारी भिंती ऐकत होत्या. आणि 1953 साली त्याच भिंतींखाली त्यांनी मोलिएरचा ‘दों जुआँ’ उभा केला. मोलिएर 1673 साली वारला तेव्हा नट म्हणून त्याला ख्रिस्ती दफन नाकारण्यात आले होते. राजाने मध्यस्थी केली म्हणून रात्रीच्या अंधारात, विधीचा गाजावाजा न करता, त्याला माती मिळाली. फ्रान्समधील धर्मसंस्थेने नटाला शतकानुशतके बहिष्कृत मानले होते, आणि त्या बहिष्कृताचे नास्तिक नायकाचे नाटक क्षमादानाच्या खिडकीखाली चालले होते. याला कोणी सूड म्हणेल. मी म्हणणार नाही, कारण तेथे कोणाला जिंकावयाचे नव्हते.

आपला इतिहास याहून उजळ आहे असे मानण्याचे कारण नाही. मनुस्मृतीने ज्यांचे अन्न वर्ज्य त्यांच्या यादीत नटाला बसविले. आणि ज्या नाट्यशास्त्राने स्वतःला पाचवा वेद म्हणवून घेतले त्याच्याच अखेरीस भरतपुत्रांना ऋषींच्या शापाने पतित व्हावे लागल्याची कथा आहे. परंतु त्याच ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात एक प्रसंग आहे, जो मला सर्व नाट्यविचाराचा पाया वाटतो. इंद्राच्या ध्वजोत्सवात पहिला प्रयोग झाला तो देवांच्या विजयाचा. दैत्य चिडले. विरूपाक्षाला पुढे घालून त्यांनी नटांची वाचा, हालचाल, स्मृती सारे गोठवून टाकले. मग विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधवून घेऊन त्याच्या प्रत्येक खांबावर देवतांचा पहारा बसविण्यात आला. पण एवढा बंदोबस्त करूनही ब्रह्मदेव तेथे थांबले नाहीत. त्यांनी दैत्यांना समोर बसवून समजाविले की हे नाट्य तुमचेही नाही आणि देवांचेही नाही, हे त्रैलोक्याच्या भावांचे अनुकीर्तन आहे. आमच्या भावना दुखावल्या अशी ती नोंदलेली पहिली तक्रार. आणि तिचे अखेरचे उत्तर शस्त्राने नव्हे, युक्तिवादाने दिले गेले. मराठी रंगभूमीचा आरंभही 1843 साली सांगलीच्या राजवाड्यात, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाखाली, ‘सीतास्वयंवर’ या देवकथेनेच झाला हे जाता जाता सांगावेसे वाटते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. युरोपात एक मत रूढ आहे, आणि आपल्याकडील सुशिक्षितांतही ते मुरत चालले आहे, की देवळे ओस पडली तेव्हा त्यांची गादी कलेने घेतली. महोत्सव ही नवी यात्रा, नाट्यगृह हे नवे मंदिर, आणि आव्हिन्यों हे त्याचे क्षेत्र. हे मत मला मान्य नाही. ते कलेची स्तुती करते असे दिसते, पण प्रत्यक्षात कलेवर असे ओझे टाकते जे उचलण्यासाठी ती जन्मलेली नाही. महोत्सव तीन आठवड्यांत आटोपतो. त्याची तिकिटे असतात. जो येऊ शकत नाही, जो आजारी आहे, जो मरतो आहे, त्याच्या बिछान्याशी तो जात नाही. व्हिलार स्वतः याहून नेमस्त भाषा बोलत: नाटक ही पाणी, वीज आणि गॅस यांसारखी लोकांना पुरवावयाची सेवा आहे असे ते म्हणत. या विधानात जो विनय आहे तो नव्या मंदिराच्या घोषणेत नाही.

आपल्या आलंकारिकांनी ही सीमारेषा अधिक बारकाईने आखली. अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली. त्यांत स्वतःच्या सुखदुःखात प्रेक्षक गुरफटलेला असणे हे एक मोठे विघ्न. घरचा कर्जाचा हप्ता, मुलाचा ताप, शेजाऱ्याशी झालेले भांडण घेऊन जो नाट्यगृहात येतो त्याला रस मिळावयाचा तर संगीताने, मंडपाच्या शोभेने, वेषांतराने त्याचे मन आधी स्वतःपासून सुटे केले पाहिजे. ते सुटले म्हणजे ‘शाकुंतला’तील पळणाऱ्या हरिणाचे भय हे हरिणाचे राहत नाही, माझेही राहत नाही; ते नुसते भय होते. ही अवस्था योग्याच्या अनुभवाच्या जवळची, असे तो मानतो. पण तीच, असे मानीत नाही. रसात वासना जागृत राहतात, त्यांचे विष तेवढे उतरते. योग्याच्या दर्शनात त्या वासनाच विरतात. म्हणून रसिक घरी जातो तेव्हा कर्जाचा हप्ता त्याची वाट पाहत असतो. या मर्यादेची मला खंत वाटत नाही. ज्या प्रांगणात पूर्वी माणसे आपल्या पापांचा हिशेब घेऊन येत आणि वरून सूट मागत, त्या प्रांगणात आता काही तासांपुरते माणसाने स्वतःचा हिशेबच विसरावा, दुःख माझे की दुसऱ्याचे हे न विचारता ते पाहावे, याला मी एक प्रकारचे पावित्र्य मानतो. पुरेसे नसलेले, पण खरे.

1985 साली जुलैत आव्हिन्योंजवळच्या बुलबों येथील दगडाच्या खाणीत पीटर ब्रूक यांनी महाभारत उभे केले. संहिता जाँ-क्लोद कारिएर यांची. नट अनेक देशांचे. द्रौपदीची भूमिका मल्लिका साराभाई यांनी केली. नऊ तासांचे ते नाट्य काही वेळा एका रात्रीत सलग होई आणि खाणीच्या कड्यांवर पहाट उजळे तेव्हा संपे. भारतातील काही जाणत्यांनी त्यावर कठोर टीका केली की ज्या धर्मजीवनातून ते काव्य उगवले त्यापासून ते तोडून नेले. या टीकेत तथ्य आहे, आणि मी ती बाजूस सारीत नाही. तरीही त्या मुलुखात ते व्हावे यात मला एक मोठा योग दिसतो. पुण्यवंतांना मृत्यूनंतर तत्काळ काय दिसते हा जो प्रश्न त्या शहराने निवाड्याने मिटविला, तोच महाभारताच्या शेवटच्या पर्वात येतो. युधिष्ठिर सदेह स्वर्गात जातो आणि त्याला प्रथम काय दिसते? दुर्योधन. सिंहासनावर, तेजाने झळकत. आपले भाऊ कोठे आहेत असे तो विचारतो तेव्हा त्याला दुर्गंधीच्या काळोख्या वाटेने नेले जाते आणि अंधारातून ओळखीचे आवाज विनवतात की थोडा थांब, तुझ्या येण्याने इकडे गार वारा आला. तो थांबतो. स्वर्ग नाकारून नरकात राहण्याचे ठरवितो. मग देव प्रकट होऊन सांगतात की ती माया होती, आणि आकाशगंगेच्या स्नानाने सारे निवळते. पण दुर्योधनाचे ते सिंहासन वाचकाच्या मनातून काही केल्या उतरत नाही. व्यासांनी उत्तर दिले आहे, आणि उत्तराच्या शेजारी प्रश्नही तसाच शिल्लक ठेवला आहे. फर्मानाला हे करता येत नाही. फर्मानाने ते करूही नये. मरणाऱ्याच्या उशाशी वाचावयाचा तो कागद आहे. पण जिवंत माणसांनी वर्षातून एखादी रात्र दुर्योधनाचे ते सिंहासनही पाहावयास हवे, आणि त्यासाठी निवाडा न देणारी जागा लागते.

याच शहरात 2011 साली रोमेओ कास्तेलुच्ची या इटालियन दिग्दर्शकाने देवपुत्राच्या मुखाच्या कल्पनेवर एक नाटक सादर केले. रंगमंचाच्या मागे आंतोनेल्लो दा मेस्सिना या पंधराव्या शतकातील चित्रकाराने रंगविलेले ख्रिस्ताचे मुख प्रचंड आकारात लावलेले. ते सरळ प्रेक्षकांकडे पाहते. पुढे पांढरे शुभ्र घर. एक म्हातारा बाप आणि त्याचा कामावर निघालेला मुलगा. बापाला मलमूत्र आवरत नाही. मुलगा त्याला पुसतो, कपडे बदलतो, बाप ओशाळून रडतो, पुन्हा तेच होते, पुन्हा तो पुसतो. यापलीकडे बराच वेळ काही घडत नाही. त्याच वर्षी पॅरिसमध्ये हे नाटक आले तेव्हा कट्टर कॅथलिक गटांनी ईश्वरनिंदा म्हणून त्याविरुद्ध निदर्शने केली, प्रयोगात अडथळे आणले. त्यांच्या मनाला झालेली इजा खोटी नव्हती. पूज्य मुखासमोर विष्ठा हे दृश्य कोणाही श्रद्धाळूला सहन होणे कठीण. परंतु मराठी माणसाला यात दुसरेच काही दिसल्यावाचून राहत नाही. पुंडलिकाची कथा आपण लहानपणापासून ऐकली. आईबापांचे पाय चेपीत बसलेल्या त्या मुलाने दारी आलेल्या देवाकडे वळून पाहिले नाही, हाताशी होती ती वीट मागे सरकविली, आणि देव तिच्यावर उभा राहिला. आपण त्या उभे राहण्याची पूजा करतो. पण कथेचा मध्य ती सेवा आहे, आणि म्हाताऱ्याची सेवा म्हणजे काय असते हे कीर्तनात फारसे विस्ताराने सांगितले जात नाही. कास्तेलुच्चीने ते सांगितले. देवाचे मुख त्या दृश्याने मलिन झाले की त्या दृश्यासाठीच ते तेथे होते, हा प्रश्न त्याने प्रेक्षकांच्या हाती दिला.

नाटकाच्या अखेरीस ते मुख काळवंडते, फाटते, आणि त्यामागून अक्षरे उजळतात: ईश्वर माझा मेंढपाळ आहे अशा अर्थाचे, स्तोत्रसंहितेतील ते जगप्रसिद्ध वचन; आणि त्या वाक्याच्या मध्यभागी एक अंधुक ‘नाही’, असून नसल्यासारखे. निदर्शकांना त्या ‘नाही’त ईश्वराचा नकार दिसला. मला त्यांना सांगावेसे वाटते की असा ‘नाही’ भक्तीच्या पोटातूनच येतो. आमच्या जनाबाईने विठ्ठलाला तोंडावर शिव्या दिल्या, तुकोबांनी त्याच्या असण्यापर्यंत शंका नेली, आणि वारकऱ्यांनी त्यांना दिंडीबाहेर काढले नाही. ते अभंग टाळमृदंगावर गाइले. तुमच्याही ग्रंथात मेंढपाळाचे ते स्तोत्र तेविसावे आहे, आणि त्याच्या लगेच आधीचे बाविसावे स्तोत्र देवाने मला का टाकले या आक्रोशाने सुरू होते. पोपांच्या त्या वाड्यातील प्रार्थनामंदिरांत नित्य उपासनेच्या क्रमात ही दोन्ही स्तोत्रे दर आठवड्याला म्हटली जात, आणि दोहोंपैकी कोणते खरे असा निवाडा मागण्यासाठी तेथील दरबारात कधी कोणी अर्ज केला नाही.